न खेळलेल्या सामन्यांचे निकाल

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात मीटिंगमध्ये होतो. वृद्धाश्रमातली नर्स "आल्झो, हेर मेश्राम..." म्हणजे 'तर, मिस्टर मेश्राम...' एवढंच म्हणून थांबली आणि त्या थांबण्यातच सगळं कळलं. बाहेर येऊन मी आंकाला, माझ्या बायकोला, फोन लावला. तो वाजत असताना माझ्या मनात जे पहिलं आलं ते इथे लिहितो, कारण ते मी अजून घरातही बोललेलो नाही. आता शनिवारी खोटं बोलावं लागणार नाही, असं मला वाटलं. हायसं वाटलं... सासऱ्याच्या मृत्यूची बातमी मी अशी ऐकली.

पेत्रु हे माझे सासरे. रोमानियातले, तिथल्या क्रांतीनंतर जर्मनीत आलेले. मी जिथे इंजिनियर आहे त्याच कारखान्यात, रंगखात्यात, त्यांनी निवृत्त होईपर्यंत काम केलं. लग्नानंतर मी आपल्याकडच्या सवयीने त्यांना 'बाबा' म्हणालो तर ते हसत सुटले. रोमानियनमध्ये बाबा म्हणजे म्हातारी. "मुलगी दिली तुला, आणि वर मला म्हातारी म्हणतोस?" पण पुढे त्यांनीच ते नाव ठेवून घेतलं. फोनवर "म्हातारी बोलतेय" अशी सुरुवात करत. नागपूरहून माझी आई व्हिडिओ कॉलवर "जय भीम, व्याहीबुवा" म्हणाली की तेही हात जोडून "जय भीम" म्हणत आणि मग दोघं आपापल्या भाषेत खुशाल बोलत बसत. एकदा आईने विचारलं, "काय सांगून राहिले रे ते?"

"फुटबॉलचं सांगतायत."

"अजून तेच? त्यांचा तो क्लब तर बंद पडला ना?"

"म्हणूनच सांगतायत, आई."

त्यांच्या गावात साखर कारखाना होता, उसाचा नव्हे, बिटाचा. कारखान्याचा फुटबॉल क्लब होता आणि बाबा त्यात डाव्या बाजूचे बचावपटू. कागदोपत्री सगळे खेळाडू फिटर नाहीतर वॉचमन. कारखान्याच्याच ट्रकमध्ये बाकं टाकून ते बाहेरगावी सामन्यांना जात, तिथले प्रेक्षक 'बीट, बीट' म्हणून चिडवत. गळीत हंगामात मैदानभर बिटाच्या चोथ्याचा आंबूस वास असे, आणि पाहुण्या संघांना त्याने मळमळे, असं बाबा अभिमानाने सांगत. साखर रेशनवर मिळण्याचे ते दिवस, त्यामुळे जिंकल्यावर बक्षीस म्हणून साखर मिळे. "रेफरीच्या डिकीत एक पोतं ठेवलं की त्याला ऑफसाइड दिसेनासा व्हायचा. पाहुणेही रिकाम्या हाताने येत नसत म्हणा. एक खत कारखान्याचा संघ होता, ते खत आणायचे. त्या दिवशी रेफरी आमचाच." एकच वर्ष ते पहिल्या श्रेणीत खेळले. त्या वर्षी राजधानीतला बलाढ्य संघ गावात आला, पाऊस लागला, मैदानाचा चिखल झाला आणि सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. पुढच्या वर्षी ते पुन्हा खाली घसरले, पण त्या चिखलाची गोष्ट मी प्रत्येक नाताळात ऐकली आहे. "आम्ही हरलो नाही," एवढंच म्हणून ते ती संपवत.

क्रांतीनंतर कारखाना विकला गेला, यंत्रं भंगारात गेली. क्लब एका सिमेंट-विटांच्या व्यापाऱ्याने घेतला. पगार थकले, खेळाडू एकेक करून निघून गेले आणि शेवटच्या हंगामात संघ सामन्यांना पोचेनासा झाला. संघ आलाच नाही तर नियमाप्रमाणे समोरच्याला तीन-शून्य असा विजय देतात. बाबा तोवर इथे आले होते. दर आठवड्याला ते गावाकडे फोन करत आणि निकाल तोच असे... तीन-शून्य, न खेळता. शेवटी क्लबचं दिवाळं निघालं. नाव, चिन्ह, रंग लिलावात गेले आणि शेजारच्या शहरातल्या एका नव्या संघाने ते विकत घेतले. तो संघ आज तेच चिन्ह छातीवर लावून खेळतो आणि जुना इतिहासही आपलाच म्हणून सांगतो, अगदी चिखलातल्या त्या बरोबरीसकट. बाबा त्याचं नाव घेत नसत. टीव्हीवर दिसला तर "चोर" म्हणून चॅनल बदलत.

मग त्यांची स्मृती जायला लागली. वृद्धाश्रमात शनिवार माझा आणि रविवार आंकाचा असं आम्ही वाटून घेतलं. शनिवारी मी खोलीत शिरलो की ते विचारत, "काय झालं आज?" पहिल्यांदा मी खरं सांगितलं. म्हटलं, बाबा, क्लब बंद झाला. त्यांनी ते जणू पहिल्यांदाच ऐकलं. "कधी? पोरांना कळवलं का? त्यांचे पगार दिले का?" असं विचारत ते रडले. पुढच्या शनिवारी तोच प्रश्न आणि तेच रडणं... आंका म्हणाली, "पुरे कर हे. जिंकलो म्हणून सांग." पण मला निकाल रचता येईनात. आकडा कुठून तरी आलेला असावा लागतो, ही माझ्या धंद्याची खोड. म्हणून मी फोनवर त्या नव्या संघाचे निकाल बघून सांगायला लागलो. जिंकले की बाबा टाळ्या वाजवत, हरले की बचावफळीला शिव्या देत. शनिवारी ते नीट जेवतात, असं नर्स सांगायची. मला वाटलं, जमलं आपल्याला. निकाल कुणाचे, हे मी आंकाला सांगितलं नाही.

शेवटच्या शनिवारी ते दाढी करून खुर्चीत बसले होते. "काय झालं?"

"जिंकलो, बाबा. तीन-एक."

"गोल कुणी केले?"

हे त्यांनी आधी कधीच विचारलं नव्हतं. मी फोनवरून नावं वाचली.

"कुणाची पोरं ही?"

"नवीन आहेत."

"चिखल होता?"

"नाही, चांगलं मैदान आहे त्यांचं."

'त्यांचं' हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि बाबांनी मान वर केली. कितीतरी महिन्यांत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. "चोरांचा निकाल आणलास तू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "ते आम्ही नाही." आणि मग, "आमचा सांग." त्यांनी तीन बोटं वर केली, थोड्या वेळाने मिटली. "न खेळता," म्हणाले. "आम्ही येऊ शकलो नाही."

मी म्हणालो, "पुढच्या शनिवारी बघू, बाबा." जाकीट घातलं आणि निघालो. ते खिडकीकडे बघत राहिले. मंगळवारी गेले.

अंत्यविधीनंतर मी आंकाला त्या शेवटच्या शनिवारचं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तुला माहीत होतं ना तो संघ कोणता आहे ते?" माहीत होतं. सगळं विसरून जाण्याची एक सोय त्यांना मिळाली होती, तिच्यात मी त्यांना चोरांसाठी टाळ्या वाजवायला लावल्या आणि भानावर आले त्या दिवशी त्यांच्या हातात तेच ठेवलं. दुसरा कुठलाही आकडा चालला असता. चार-शून्य म्हणायला काय जात होतं माझं?

शनिवारची दुपार आता मोकळी असते. वृद्धाश्रमात जायच्या वेळेला मी आईला फोन लावतो. परवा तिने विचारलं, "शेवटी काय म्हणाले रे व्याहीबुवा?"

मी सांगितलं.

"'आम्ही' म्हणाले का 'आपण'?"

"आई, जर्मनमध्ये दोन्हीला एकच शब्द आहे. विअर."

"असं कसं? मग समोरच्याला कळावं कसं, त्याला धरलं का सोडलं?"

"नाही कळत."

आई म्हणाली, "जेवला का तू?"

फोन ठेवल्यावर बोट सवयीनेच त्या संघाच्या निकालाकडे जातं. तो आलेला असतो. मी वाचतो आणि कुणाला सांगायचा नसतो. या लेखात बाबांच्या तोंडी मी सगळीकडे 'आम्ही' लिहिलं आहे. त्या शेवटच्या वाक्यात एकदा दुसरा शब्द लिहून पाहिला होता... खोडला.