मूळ कागद जवळ ठेवा

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी कर्जतमधल्या एका वकीलबाईंबरोबर मजुरांचे कागद करून देण्याचं काम करू लागले. रेशनकार्ड, जन्मदाखला, असलीच कामं असायची. मग बांगलादेशी असल्याच्या संशयावरून बांगला बोलणाऱ्या मजुरांची धरपकड सुरू झाली. पोलीस कामावरूनच माणसं उचलायला लागले.

तेव्हा आम्ही चौक गावात मजुरांची एक बैठक घेतली. वर्गात सांगावं तसं मी ठासून सांगितलं, की मूळ कागद सतत जवळ ठेवा, झेरॉक्स कुणी मानत नाही. पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा एक फरशीवाला पुढेच बसला होता. लक्ष देऊन ऐकत होता.

महिन्याभराने सकाळी दहाच्या सुमारास त्याच्या घरमालकिणीचा फोन आला. चौकजवळच्या गावात तिची भातशेती आहे, मागच्या दोन खोल्या ती भाड्याने देते. फरशीवाला आणि त्याची बायको चार वर्षं तिच्याकडे राहत होते. तान्ही मुलगी तर तिथेच जन्मली. मालकीण म्हणाली, "बाई, त्याला कामावरून नेला. बायकोला पन नेली. पोर माज्याकडं हाय."

गोदामाचं बांधकाम चालू होतं तिथे साध्या वेशातलं पोलीस पथक आलं होतं. बांगला बोलणाऱ्यांना बाजूला काढलं आणि गाडीत घातलं. बायको तिथेच सिमेंटची घमेली उचलायची.

त्यांना एका सभागृहात ठेवलं होतं. आम्हाला दारातच अडवलं. वकीलबाईंनी अर्ज लिहून दिला. पथकाचे साहेब म्हणाले, चौकशी चालू आहे, कागद आणा. आम्ही मालकिणीच्या घरी गेलो. बायकोने तिचे कागद तांदळाच्या डब्यात ठेवले होते. मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला, सगळं मिळालं. नवऱ्याचं काहीच नव्हतं. तो माझं ऐकून मूळ कागद पिशवीत घालून कामावर नेत होता. पिशवी पथकाने घेतली होती, आणि पंचनाम्यात पिशवीचा उल्लेखही नव्हता.

मी ओट्यावर बसून राहिले.

बायकोला दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. नवऱ्याच्या दाखल्यासाठी आम्ही त्याच्या गावच्या पंचायतीला फोन करत राहिलो. मालकिणीने तो आपल्या ओळखीचा असल्याचं लिहून द्यायचं ठरवलं, तेव्हा तिच्या भावकीतले चौघे घरी आले. उद्या तुझ्याच दारात पोलीस येतील, म्हणाले. तिने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "त्याच्या पोरीला पयली अंगोळ मी घातलीय. तो कोन हाय ते मला नाय म्हाईत, तर मंग कुनाला म्हाईत?" आणि तिने सही केली.

तिसऱ्या दिवशी पंचायतीचा शिक्क्याचा कागद मोबाइलवर आला. तो छापून आम्ही सभागृहावर पोचलो तर आत झाडलोट चालली होती. माणसं पहाटेच पुढे पाठवली होती. कुठे, ते सांगायला कुणी तयार नव्हतं. वकीलबाई कोर्टात गेल्या. तारीख मिळेपर्यंत त्याला सरहद्दीपलीकडे ढकलून झालं होतं.

तो परत आला, पण त्याला दीड महिना लागला. पलीकडच्या पोलिसांनी त्याला भारतीय म्हणून कोठडीत टाकलं होतं. तोवर बायको मुलीला घेऊन गावी गेली होती. मालकिणीने तिला स्टेशनवर सोडलं. गाडी हलेपर्यंत मुलगी तिच्याच कडेवर होती.

मी त्याला फोन केला. मी चुकीचं सांगितलं, माझ्यामुळे तुझे कागद गेले, असं म्हणाले. तो हिंदीत म्हणाला, की बाई, कागद घरी असते तरी त्यांनी नेलंच असतं. तो मला धीर देत होता की त्याला खरंच तसं वाटत होतं, मला कळलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत, एवढं त्याने सांगितलं. ती कशाने गेली हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

आता बैठकीत मी सांगते, मूळ कागद घरमालकाकडे ठेवा, जवळ प्रत ठेवा. मालकीणही येते. आजूबाजूच्या घरमालकांना ती स्वतः जाऊन विचारते, तुम्ही सही कराल का. दोघांनी होकार दिला आहे. बाकीच्यांनी खोल्या रिकाम्या करून घेतल्या.