बाव म्हणजे विहीर

"कललं ना? मंग झालं."

पोरीने ओळ वाचली की ताई पुस्तकावर पालथा हात ठेवायची आणि म्हणायची, "आता सांग." पोरगी आपल्या शब्दांत सांगायची. मगच हात उचलला जायचा. ताई मुर्धा गावची कोळीण, बारावी शिकलेली. सकाळी सुकी मासळी विकायची आणि दुपारी स्वतःच्या ओट्यावर वर्ग घ्यायची. वयाने माझ्याहून बरीच लहान, पण सगळे ताई म्हणायचे म्हणून मीही ताईच म्हणायचे.

माझं काम तपासणीचं. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी सरकारी पैशाने जादा वर्ग चालायचे. वर्ग चालवायला वेगवेगळ्या संस्था, आणि त्यांच्या शिकवण्याने मुलांना खरंच काही येतंय का हे बघायला आमचं ऑफिस. इंद्रलोक वसाहतीतून मी रिक्षाने निघायचे. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र आणि तोरा असा, जणू मीच कलेक्टर! असले तपासनीस तुम्हीही पाहिले असतील. मुलाला एक परिच्छेद वाचायला द्यायचा. तीनपेक्षा जास्त शब्द चुकले की मूल नापास, आणि निम्म्याहून जास्त मुलं नापास झाली की वर्ग बंद.

केबिन रोडच्या एका वर्गात माझ्या हातून कागद उलटा दिला गेला. तरी पोरगी घडाघडा वाचत सुटली! सगळा परिच्छेद पाठ. इस्त्रीच्या शर्टातले सर हसून म्हणाले, "मॅडम, बच्चे एकदम तयार हैं." उलट्या कागदासाठी टॅबवर रकाना नव्हता. 'उत्तम' असा शेरा मीच भरला.

ताईकडे पहिल्यांदा गेले तेव्हा निघताना तिने सुक्या जवळ्याची पुडी पुढे केली. म्हटलं, "नको हो, वर्गाकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे आमचा."

"जवला खाल्ला तर मार्क वाढतीन काय?" ती एवढी हसली की पोरंही हसायला लागली. मीही हसले. पुडी मात्र घेतली नाही.

मग तो तपासणीचा दिवस आला. पहिलीच पोरगी उठली, आठ वर्षांची असेल. कागदावर होतं, 'हे आमचे घर आहे. घरासमोर विहीर आहे. विहिरीत पाणी नाही.' पोरीने बोट ठेवून, न अडखळता वाचलं, "ह्या आमचा घर हाय. घराम्होरं बाव हाय. बावीत पानी न्हाय."

मी मोजलं. तीनच्या केव्हाच पुढे गेलं होतं.

ताईचा चेहरा फुलला होता. तिला वाटलं, पोरीने मैदान मारलं. मी टॅबवर काय दाबलं ते तिने वाकून पाहिलं आणि शाबासकीसाठी उचललेला तिचा हात तसाच हवेत राहिला.

"मॅडम, नापास? अवो, विहीर वाचली म्हून तर बाव बोलली ती! कललं न्हाय काय तिला?"

"ताई, लिहिलंय तसंच वाचायला हवं. नियम आहे."

"तुमच्या नियमाला बाव म्हायीत न्हाय, त्यात पोरीचा काय दोष?"

तिचं म्हणणं मला पटलं होतं, हे आज कबूल करते. तरी एकेक पोर उठत गेलं, विहिरीच्या जागी बाव येत गेली, आणि मी नापास दाबत गेले.

निघताना ती रिक्षापर्यंत आली. "वर्ग ऱ्हाईल ना, मॅडम?"

"बघू," मी म्हटलं. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तिथेच सांगून टाकायची हिंमत झाली नाही.

वर्ग बंद झाला. केबिन रोडचा चालू राहिला.

मला ते खायला लागलं. पुढच्या बैठकीत मी भांडले, त्याच्या पुढच्या बैठकीतही भांडले. वर्षभराने कुठे नियमात एक ओळ वाढली, 'मुलाने अर्थ राखून बोलीतला शब्द वाचल्यास चूक धरू नये.' त्या कागदाची प्रत घेऊन मी मुर्ध्याला धावले. म्हटलं, आता ताईपुढे मान वर करून उभी राहीन.

ओट्यावर तिची जाऊ बोंबील निवडत होती.

"ती गेली, मॅडम. गनपतीच्या आधी. कावील झाली, अंगावर काढली. वर्ग बंद झाला तरी पोरांना शिकवायची. पोरांना बोलायची, मॅडम बघू बोलल्यात, कागद येल." तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "त्यो काय कागद?"

मी दिला. तिने तो परत केला. "मना वाचता येत न्हाय. तुमीच वाचा."

मी वाचलं.

"म्हंजी काय?"

"म्हणजे पोरगी पास होती. तुमच्या जावेचं बरोबर होतं. मी चुकले."

तिने बोंबील खाली ठेवला. "मंग ह्या तिला तवाच सांगायचा व्हता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी तिथेच ओट्यावर बसून रडले, आणि ती बिचारी माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.