बायकांच्या तासातलं शिंगरू

आधी माफी मागते. व्यक्तिचित्र लिहावं ते ज्याचं आयुष्य बरंचसं जगून झालं आहे अशा माणसाचं, आणि लिहावं ते ज्याला लिहिता येतं त्यानं. इथे दोन्ही नाही. जिच्याविषयी लिहिते आहे ती माझ्याहून जेमतेम वर्षानं मोठी, स्पेनमध्ये फुटबॉल खेळते आणि तिचा फोटो आता तिकडच्या वर्तमानपत्रांत येतो. मी नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे माझं लिहिणं चुकलं तर सांगणारं घरी कुणी नाही. शिवाय नाव झालेल्या माणसाची ओळख सांगून मी मिरवते आहे, असंही कुणाला वाटेल. तरी लिहिते, कारण आमच्या बाजूनं हे कुणीच कुठे लिहून ठेवलेलं नाही.

गोल केल्यावर ती हसायची नाही. हात वर करणं नाही, उड्या मारणं नाही. जाळीतला बॉल स्वतः जाऊन काढायची, काखेत मारायची आणि मधल्या रेषेकडे चालू लागायची, जणू कुणी तिची वस्तू भलत्याच जागी ठेवली होती. पळताना मात्र तिचे लांब पाय कुठेही जायचे आणि केसांची शेपटी मागे उडत असायची. आईचं माहेर निफाडकडचं. तिनं या पोरीला पहिल्यांदा पळताना पाहिलं आणि म्हणाली, "हे तर शिंगरू आहे गं." तेव्हापासून आम्हा सगळ्यांत ती शिंगरूच झाली. तिनं अर्थ विचारला तेव्हा मी घोड्याचं पिल्लू असं सांगितलं. तिनं थोडा विचार केला. "चालेल," ती म्हणाली, "पण चांगल्या घोड्याचं ना?"

आम्ही कतारमध्ये, अल खोरला कंपनीच्या वसाहतीत राहायचो. बाबा गॅस प्लँटवर टेक्निशियन आहेत, पहाटेच्या बसनं जातात. तिचे वडील स्पेनचे, त्याच प्लँटवर इंजिनिअर होते. त्यांचा व्हिला पुढच्या रांगेत, आमची बिल्डिंग मागे. वसाहतीला मैदान एकच. लहान होती तोवर ती मुलांच्यात खेळली आणि त्यांना तिनं रडवलं. तेरावं लागल्यावर तिला सांगण्यात आलं की आता मुलांच्यात नाही, खेळायचं तर बायकांच्या तासाला यायचं. आठवड्यातून दोनदा, सूर्यास्ताची मगरिबची नमाज झाल्यावर, कुंपणाला हिरवं कापड ओढून मैदान बायकांना द्यायचे, तो बायकांचा तास. तो फक्त नोटीस बोर्डावर होता. मैदानावर कुणी फिरकायचं नाही. आणि वसाहतीच्या क्लबचा नियम असा की दोन बाजू उभ्या राहतील एवढ्या बायका जमल्या नाहीत, तर दिवे लावायचे नाहीत.

म्हणून ती बॉल काखेत घेऊन दारोदार फिरली. आमच्याकडे आली तेव्हा आईचे हात पिठात होते. ती इंग्रजीत बोलत होती आणि मी आईला सांगत होते.

"मला नाही बाई येत असलं काही," आई म्हणाली.

"खेळायला नका येऊ. उभं राहायला या. पळायचं काम माझं."

"उभं राहायचं होय? मग ठीक आहे. ओट्यापाशी तरी दिवसभर काय करते मी."

आई गेली, मी गेले. वरच्या मजल्यावरच्या देसाई काकू आल्या, त्यांच्या ओळखीनं आणखी मराठी बायका आल्या, काही केरळच्या आल्या. सलवारखाली बूट, मंगळसूत्र आत टाकलेलं, ओढणी कमरेला बांधलेली. देसाई काकू सुरुवातीचे काही दिवस चपलांवरच खेळल्या. आणि दिवे लागले.

अशा बायकांसमोर गोल करणं तिला अगदीच सोपं होतं. म्हणून तिनं स्वतःसाठी एक अट घातली. आपल्या बाजूच्या प्रत्येक काकूचा बॉलला पाय लागल्याशिवाय गोल धरायचा नाही. त्यामुळे ती प्रत्येकीपाशी धावत जायची, बॉल पायात ठेवायची, कसाही परत आला तरी पकडायची. आईकडून तो कधी सरळ यायचाच नाही. ती पोरगी म्हणायची, वेडावाकडा बॉल घ्यायला मी या काकूंकडे शिकले. हे तिनं माझ्यासमोर, कितीतरी वेळा म्हटलेलं आहे.

जीभ मात्र तिखट होती. माझ्याकडून चार मराठी वाक्यं शिकली, तीही भांडायला. देसाई काकूंच्या पायाखालून बॉल गेला की विचारायची, "काकू, झोप झाली?"

"झाली गं बाई. मोठ्यांशी कसं बोलायचं ते शिकवलं नाही का तुझ्या आईनं?"

हे मी तिला इंग्रजीत सांगितलं. "आई स्पेनमध्ये असते," ती म्हणाली. "तुम्ही शिकवा."

पुढच्या खेपेपासून देसाई काकूंच्या पिशवीत तिच्यासाठी डबा यायला लागला. आमच्याकडे ती थालीपीठ उभ्यानंच खायची. "बस की जरा, शिंगरा, कोण हिसकावून नेतंय," आई म्हणायची, आणि ती तोंड भरलेलं असताना "अजून" एवढंच म्हणायची.

मला ती एकदा म्हणाली, "तू बरी खेळतेस. पण बॉल देताना सॉरी म्हणतेस. बॉलला सॉरी कळत नाही." मी त्यावरही सॉरी म्हटलं. ती बॉल घेऊन निघून गेली.

आता जी गोष्ट सांगायची ती फोनची. बायकांच्या तासाला फोन आत न्यायचा नाही, असा क्लबचा नियम होता, आणि आमच्या बायकांना तो हवाच होता. "माझ्या सासूबाईंनी मला ट्रॅकपँटमध्ये पाहिलं, तर पुढच्या विमानानं इथे येतील," देसाई काकू म्हणायच्या. फाटकापाशी बादली असायची, तिच्यात सगळे फोन. त्यामुळे एवढी वर्षं आम्ही खेळलो त्याचा एकही फोटो नाही.

ती सोळा वर्षांची असताना स्पेनमधल्या एका क्लबच्या मुलींच्या संघानं तिच्या खेळाचा व्हिडिओ मागवला. पसंत पडला तर चाचणीला बोलावणार होते. मैदानावर शूटिंग होणार नव्हतं, म्हणून वडिलांनी व्हिलाच्या मागे केलं. ती एकटी आणि समोर भिंत. ते आम्हाला दाखवताना ती वैतागली होती. "यात मी एकटीच आहे," म्हणाली. "बॉल कुणाकडून येतो ते दिसतच नाही." तिला वसाहतीच्या क्लबकडून मैदानावर शूटिंगची खास परवानगी काढायची होती, काकूंनी तयार व्हावं म्हणून ती हट्टाला पेटली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी आईच म्हणाली, "आम्हाला कशाला घेतेस त्यात? तुझं काम होऊ दे म्हणजे झालं." सगळ्यांनी मान डोलावली. मीही. आम्हाला आम्ही फार शहाण्यासारखं वागलो असं वाटलं.

भिंतीचा व्हिडिओ गेला, बोलावणं आलं, तिची निवड झाली. निघायच्या दिवशी बायका ओवाळायचं ताट घेऊन तिच्या व्हिलापाशी गेल्या. गाडी सुरू होती, वडील घड्याळ बघत होते. तिनं कुंकू लावून घेतलं, साखर खाल्ली, एकेका काकूला मिठी मारली. रडली नाही. आईला मराठीत म्हणाली, "काकू, तास सोडू नका."

तास सोडायचा नव्हताच. कुणाला सांगितलं तर हसू येईल, पण एव्हाना बायकांना त्याची सवय झाली होती. आई तर त्या दोन संध्याकाळी स्वयंपाक दुपारीच उरकून ठेवायची. बॉल आता तिच्याकडून सरळ जायला लागला होता. पण काही जणींच्या नवऱ्यांची कॉन्ट्रॅक्टं संपली, घरं रिकामी झाली आणि आकडा कमी पडू लागला. मैदानावर पुरुषांच्या क्रिकेटचा डोळा होताच. क्लबचे सेक्रेटरी पुण्याचे, बोलायला मऊ. "वहिनी, तुम्ही त्या मुलीसाठी येत होतात," ते आईला म्हणाले. "ती गेली. आता खलास झालं ना ते?"

मग मी तिला मेसेज केला. फार काही मागितलं नव्हतं. या बायकांबरोबर मी घडले, यांचा तास ठेवा, एवढं तिनं फोनवर बोलून पाठवलं असतं तर सेक्रेटरींना नाही म्हणता आलं नसतं. तिचं उत्तर आलं: "इन्शाल्ला." आमच्याशी तिनं तो शब्द कधी वापरला नव्हता. कतारमध्ये वाढलेल्या माणसाला, पुढे दिवस-वार नसलेला इन्शाल्ला म्हणजे गोड शब्दांतला नकार, हे वेगळं सांगावं लागत नाही. तरी मी वाट पाहिली. दोनदा आठवण केली. नंतर तास बंद झाला आणि मी नाशिकला आले.

या हिवाळ्यात ती तिच्या क्लबच्या मोठ्या संघातून खेळली आणि पहिल्याच सामन्यात गोल केला. बातमी वसाहतीत पोचल्यावर उरलेल्या बायकांना पुन्हा धीर आला. नवीन आलेल्या दोघी-तिघींना धरून आकडाही जमत होता. आईनं बाबांकडून अर्ज लिहून घेतला. त्यात म्हटलं होतं की जी मुलगी आज स्पेनमध्ये गोल करते आहे ती आमच्यात खेळून तयार झाली, तरी तास परत मिळावा. आईनं स्वतःविषयी असं काही म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सेक्रेटरींनी उत्तरादाखल आईच्या फोनवर नुसता एक व्हिडिओ पाठवला. आईनं तो मला पाठवला आणि लगेच फोन केला. "आपलं शिंगरू आहे. काय म्हणते ते सांग. हे लोक नुसतं 'बघा' म्हणतात."

सामन्यानंतरची मुलाखत होती. ती माइकसमोर उभी होती, खाली इंग्रजी अक्षरं येत होती. लहानपणाबद्दल विचारल्यावर ती म्हणाली, "कतारमध्ये माझ्याबरोबर खेळायला कुणीच नव्हतं. घरामागे एक भिंत होती. मी एकटीच शिकले." विचारणारा कौतुकानं मान हलवत होता. तिनं तिच्या पद्धतीप्रमाणे न हसता पुढच्या प्रश्नासाठी त्याच्याकडे पाहिलं.

मी पुन्हा लावून पाहिलं. मग आईला जसं होतं तसं सांगितलं.

फोनवर आईच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे आता तास नाही मिळायचा," ती म्हणाली.