ओटीतलं खोबरं

"कचऱ्याच्या डब्यात टाकलंस! माझ्या लेकीच्या ओटीतलं खोबरं, लोकांच्या बिडीच्या लायटरांत!"

"मी नाही टाकलं, आत्ती. तेजस्वीनं तिच्या हातानं टाकलं. मी एवढंच सांगितलं, सुकं खोबरं विमानात चालत नाही."

"का? खोबरं काय बाँब हाय?"

"त्यात तेल असतं, ते पेट घेतं. कितीदा सांगू?"

"चुलीत घातलं तर पेटंल. इमानात कुणी चूल मांडलीया?"

पूर्णिमाच्या सासूनं, धोंडुबाईंनी, पुढ्यातलं ताट सरकवलं. दुपारपासून त्या उपाशी होत्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसावं म्हणून पुढच्या सोप्यातच बसल्या होत्या. पूर्णिमा अजून ड्यूटीच्या कपड्यातच होती. तिचा नवरा उदयसिंह दोघींच्या मधे टीव्हीचा रिमोट घेऊन बसला होता. टीव्ही बंद होता.

पूर्णिमा उजळाईवाडीच्या विमानतळावर, प्रवाशांच्या बॅगा तपासायच्या मशीनपाशी कामाला होती. घर कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. नोकरी लागली तेव्हा धोंडुबाईंनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, आणि पूर्णिमाच्या डोक्याचा ताप तिथूनच सुरू झाला. "आपली पूर्णिमा हाय की तिथं," एवढं एक वाक्य साऱ्या भावकीत फिरलं. कुणाला खिडकीची जागा हवी असायची, कुणाला बॅगेत जादा वजन. जयसिंगपूरचे पाहुणे एकदा वाटेत गाडी पंक्चर झाल्यावर फोन करून म्हणाले, "जरा थांबवून ठीव इमान. पायलटला च्या पाज, तवर आलोच." चुलतदीर दुबईला निघाला तेव्हा दोन जीपा भरून माणसं आली आणि विमानाच्या शिडीपाशी हार घालायचा म्हणून हटून बसली. एसटी स्टँडवर चालतं, मग इथं का चालत नाही? प्रत्येकाला तिनं नीट समजावलं. प्रत्येकानं घरी जाऊन सांगितलं, पूर्णिमाला माज आलाय.

आज मात्र घरचीच पाळी होती. नणंद तेजस्वी हैदराबादला दिलेली. आठवडाभर माहेरपण करून ती परत निघाली होती. पूर्णिमा पहाटेच ड्यूटीवर गेली. तेजस्वीची बॅग मशीनमधून गेली आणि पडद्यावर वाट्यांच्या गोल सावल्या उमटल्या.

"तेजस्वी, बॅग उघडावी लागेल."

"वैनी, जाऊ द्या की," तेजस्वी कानाशी येऊन पुटपुटली.

"मागं रांग आहे बघ. तुझी सोडली तर कुणाची अडवू?"

बॅग उघडली. हिरव्या खणात बांधलेले तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खोबऱ्याच्या वाट्या. पूर्णिमा काही बोलायच्या आत रांगेतून आवाज आला, "अगं बया! चोरओटी व्हय गं? कितवा लागला?"

मुरगूडच्या चिमणाबाई. नात्यातल्याच, त्याच विमानानं पुढं तिरुपतीला निघालेल्या. सगळी रांग तेजस्वीच्या पोटाकडं बघायला लागली. दिवस राहिलेल्या बाईची पहिली ओटी गुपचूप भरतात. कुणाला कळू नये, नजर लागू नये, म्हणून ती चोरओटी. लग्नानंतर इतक्या वर्षांनी, सगळे देव करून झाल्यावर तेजस्वीला पुन्हा दिवस राहिले होते, आणि सख्ख्या भावजयीला ते चिमणाबाईंच्या तोंडून कळलं.

"इमान उडायच्या आत मुरगुडात बातमी!" धोंडुबाईंचा आवाज पुन्हा चढला. "तीन-तीन फोन आले मला. ते काय न्हाय, सोड ती नोकरी. घरच्या माणसाची अब्रू काढायची नोकरी नगं आमाला."

"घरचं माणूस!" पूर्णिमानं हातातली पिशवी खाली आपटली. "मग मला का नाही सांगितलं?"

"तिसरा म्हैना सरंपतूर कुणालाच सांगत न्हाईत."

"ओटी कुणी भरली?"

धोंडुबाई पदर सारखा करू लागल्या. "सुलाक्कानं."

"म्हणजे शेजारची सुलाक्का चालली. मी ड्यूटीवर जायची वाट बघितली तुम्ही." ती नवऱ्याकडं वळली. "आणि तुम्हाला?"

उदयसिंहानं रिमोट उलटा करून बघितला. "आई म्हणाली, सांगू नको."

"एक शब्द बोलला असता तर वाट्या काढून बदाम-खारका घातल्या असत्या. गपचूप गेली असती पोरगी. मशीनवर मी आपली हवी आणि घरात परकी? दोन्ही कसं चालेल?"

"तुला मुद्दाम न्हाय वगळलं गं," धोंडुबाई म्हणाल्या. "मागल्या खेपंला सगळ्यांस्नी सांगितलं, आनी गेलं की ते पोटातलं. मला भ्या वाटलं. आता मोडलेली ओटी घिऊन गेलीया. काय वंगाळ झालं म्हंजे?"

पूर्णिमाला त्या खेपेचं आठवलं. तेव्हा दवाखान्यात तेजस्वीजवळ तीच बसून होती. ते इथं कुणाला आठवत नव्हतं. तिला सासूची कीव आली, आणि कीव आली याचाही राग आला.

उदयसिंहाला वाटलं, आता मिटलं. तो समजुतीनं म्हणाला, "तिचं बाळंतपण हुईपतूर तरी सोड की नोकरी. आईच्या जिवाला बरं वाटंल. आपल्याला काय कमी हाय?"

पूर्णिमानं सासूचं ताट उचलून परत तिच्यापुढं ठेवलं.

"जेवा आधी," ती म्हणाली. "नोकरी मी सोडणार नाही. रविवारच्या बसनं मी हैदराबादला जातेय, खोबरं घेऊन. तेजस्वीची ओटी मी भरणार. चार दिवस भाकरी तुम्ही दोघांनी बघायची."