कॅमेऱ्यात आणखी कोण आहे?

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत मला एका प्रोग्रामिंग भाषेचं काम मिळालं. ही भाषा कुणा कंपनीची नाही. कुणीही फुकट वापरावी, कुणीही सुधारावी अशी. दर उन्हाळ्यात ते विद्यार्थ्यांना कामं देतात आणि प्रत्येकावर एक मार्गदर्शक नेमतात. चूक झाल्यावर भाषा जे संदेश दाखवते, ते सुधारणं माझ्याकडे आलं होतं. कुणी कंस बंद करायला विसरलं, तर तो नेमका कुठे राहिला हे भाषेनं सांगावं, एवढंच काम.

वर्ध्याचं होस्टेल बंद झालं आणि मी गिरडजवळ आमच्या गावी आले. घरी नेट नव्हतं. मग तीन-चार दिवस लिहून ठेवायचं आणि एका संध्याकाळी दर्ग्याच्या टेकडीवर, जिथे नेट मिळायचं, जाऊन सगळं एकदम पाठवायचं, असं चाललं होतं. मार्गदर्शक युरोपात कुठेतरी राहणारा, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. एकदा त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: हे सगळं तूच लिहिलंस? उद्या कॅमेरा सुरू ठेवून बोलू.

काम माझंच होतं, पण ते सिद्ध कसं करायचं?

आई अंगणवाडी सेविका. तिला सांगितलं तर तिचा संशय भलतीकडेच गेला.

"कॅमेरा कायले पाह्यजे त्याले? मी बी येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी टेकडीच्या पायऱ्यांवर सावली बघून बसलो. कॉल लागला. त्यानं एक बिघडलेला प्रोग्राम पाठवला आणि विचारलं, "कंस तिसऱ्या ओळीत राहिलाय, मग जुना संदेश चौथी ओळ का दाखवत होता?"

मी सांगू लागले, की कंस राहिल्याचं भाषेला पुढची ओळ वाचल्यावरच कळतं, म्हणून ती तिथे अडते. मी तिला मागे वळून बघायला लावलं. तेवढ्यात आई कानाशी कुजबुजली, "चिडला का तो?"

त्यानं मला थांबवलं. "तिथे आणखी कोण आहे? तुला उत्तरं कोण सांगतंय?"

त्याचा प्रश्न मी आईला सांगितला. तिनं पदर सावरला आणि सरळ कॅमेऱ्यासमोर आली.

"त्याले म्हणा, मी माय होय हिची. आता तुह्या घरात कोण हाय ते दाखव म्हणा."

मी शक्य तितकं सौम्य करून सांगितलं. त्यानं लॅपटॉप उचलून खोलीभर फिरवला. स्वयंपाकाचा ओटा, खुर्चीवर झोपलेली मांजर, घरातच वाळत घातलेले कपडे.

"बाई दिसत नाई घरात," आई म्हणाली. हे मी सांगितलं नाही.

मग तो म्हणाला, "इतके दिवस काहीच नाही आणि मग एकदम एवढा ढीग, म्हणून मला वाटलं दुसरं कुणी लिहून देतंय. रोज थोडं थोडं का पाठवत नाहीस?"

मी फोन फिरवून त्याला टेकडी दाखवली, खाली आमचं गाव दाखवलं. "तिथे नेट नाही."

"हे आधी सांगायला हवं होतं," एवढंच तो बोलला. माफी मागितली नाही. उन्हाळा संपेपर्यंत प्रत्येक बदलाचं कारण तोंडी विचारत राहिला, आणि आईही प्रत्येक कॉलला टेकडी चढत राहिली. उतरताना म्हणायची, "आमची सुपरवायझर बी अशीच. खरं सांगा का खोटं, एकाच नजरेनं पाह्यते."

काम पास झालं. पावसाळ्यात भाषेची नवी आवृत्ती आली तेव्हा मी घरी गेले आणि मुद्दाम एक कंस सोडून आईला माझा संदेश दाखवला. कंस कुठे राहिला ते त्यात बरोबर आलं होतं.

आईनं स्क्रीन वरून खालपर्यंत पाहिली. "याच्यात तुह्यं नाव कुठी हाय?"

"संदेशात नाव नसते आई."

"मंग तूच केलं हे, कोणाले कसं समजन?"

मी सोडलेला कंस बंद केला आणि लॅपटॉप मिटला.