दगडाचा जोड

महाडला माझं चांगलं आरशांनी भरलेलं सलून आहे, तरी माझे वडील दाढी करायला एसटीने पोलादपूरला जातात. तिथे स्टँडमागे एक म्हातारा न्हावी खुर्ची टाकून बसतो. त्याचं नाव मी मुद्दामच विचारलं नाही.

एकदा वडिलांबरोबर गेलो. म्हाताऱ्याने नदीतला काळा दगड पाण्याने भिजवला आणि त्यावर वस्तरा इतका हलका फिरवला, की आवाजसुद्धा आला नाही. वडिलांनी डोळे मिटून गाल पुढे केला. माझ्या खुर्चीत त्यांनी कधी डोळे मिटले नाहीत.

"दगड भारी आहे तुमचा," मी म्हणालो. हाताचं कौतुक करायला जीभ वळेना.

त्याने पेटीतून तसाच दुसरा दगड काढून मला दिला. "जा घेऊन. पन दगड मधी झिजतो रे. म्हयन्यातून एकदा आण. दोन्ही एकमेकांवर घासू, म्हंजे सपाट ऱ्हातील."

मी एकदाही गेलो नाही. आता माझ्या दगडाला मध्ये खळगा पडलाय आणि वस्तऱ्याला धार येत नाही.

परवा वडील गुळगुळीत गालांनी परतले. "दगड कसा आहे, विचारत होता तो."

"मस्त आहे म्हणून सांगा," मी म्हणालो.