नलिनीताईंचं खोटं पडणं

नलिनीताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेच्या सभागृहात, शेवटच्या रांगेत. विरारच्या मनवेलपाड्यातल्या एका छोट्या शाळेची मी मुख्याध्यापिका. शिक्षक आणि शाळेच्या बसमधल्या मावश्या यांच्यासाठी मी प्रथमोपचाराचा वर्ग ठरवला होता. पत्रक गुळगुळीत, त्यावर सोनेरी शिक्का आणि ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ असे ठसठशीत शब्द. दोन तासांत शिकवणार आणि लगेच प्रमाणपत्र देणार, म्हणून मी खूश होते. मागे बसलेल्या पांढऱ्या केसांच्या बाई दुसरीतल्या एका मुलीच्या आजी आहेत, एवढंच मला ठाऊक होतं. त्यांनी हात वर केला.

“मान्यता कुणाची?”

“सगळ्यांची,” प्रशिक्षक हसून म्हणाले.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण ती आजींबद्दल. यांचा स्वतःचा क्लास असणार, आमचा मोडायला आल्यात. तेवढ्यात त्या खुर्चीवरून घसरल्या आणि फरशीवर आडव्या झाल्या. प्रशिक्षक “तोंडावर पाणी मारा” म्हणत फोन घेऊन व्हरांड्यात गेले, ते गेलेच. कुणी हुंगवायला कांदा शोधायला धावलं, कुणी चप्पल पुढे केली. मी पंख्याचा वेग वाढवला. आजींनी एक डोळा उघडला.

“कांदा येईस्तोवर मी वर पोचले असते,” असं म्हणून त्या पदर झटकत उठल्या. मग टेबलावरची प्रमाणपत्रं हजेरीच्या यादीशी ताडून त्यांनी दोन बाजूला काढली. “या दोघी कुठायत?” त्या दोघी शिक्षिका त्या दिवशी रजेवर होत्या. प्रमाणपत्रं आधीच छापून आली होती.

आजही ते आठवलं की माझे कान गरम होतात. आईबापांनी माझ्या भरवशावर मुलं पाठवायची आणि मी भरवसा ठेवायचा शिक्क्यावर.

रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका म्हणून ताईंची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यापासून त्या नंदाखालला, आपल्या केळी-नारळाच्या वाडीत राहतात. चिंचोटीच्या धबधब्यावर पोरं नेणारी मंडळं असोत, सोसायट्या असोत की कारखाने, ‘कोणता क्लास लावू?’ हे विचारायला सगळे त्यांच्या ओटीवर येतात. ताई पत्रक वाचतच नाहीत. मान्यता देणाऱ्या संस्थेचं नाव तेवढं विचारतात, तिचा नंबर स्वतः शोधतात आणि फोन लावतात. पत्रकावरचा नंबर कधीच लावत नाहीत, कारण तो कुणाच्या खिशात वाजेल याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. मग पुढचे प्रश्न येतात. छाती दाबायचा पुतळा किती जणांत एक? प्रत्येकाचे हात त्यावर पडणार ना? प्रमाणपत्र किती वर्षं चालतं? ‘जन्मभर’ असं उत्तर आलं की त्या माणसाला चहासुद्धा मिळत नाही. शेवटी त्या विचारतात, “आजवर कुणी नापास झालंय का?” कुणीच नाही म्हटलं की तो वर्ग बाद.

एवढ्यातून कुणी तरलंच, तर ताई त्या वर्गात जाऊन पडतात. हल्ली वसई-विरारमध्ये मागच्या रांगेत पांढरे केस दिसले की प्रशिक्षक सावध होतात म्हणे. ताईंच्या चिरंजीवांना हे अजिबात पसंत नाही. “एक दिवस खरंच पडशील आणि सगळे टाळ्या वाजवतील,” असं ते आईला नेहमी बजावतात.

ताईंनीच पारखून दिलेल्या वर्गात मी दोन दिवस घाम गाळला आणि नापास झाले. मला वाटलं, ओळख आहे, ताई एक शब्द टाकतील. छे, त्यांनी अवाक्षर काढलं नाही. पण पुढचे चार रविवार त्यांनी मला वाडीवर बोलावलं, लोडावर छाती दाबायला लावलं, स्वतः पाठमोऱ्या उभ्या राहून घशात अडकलेला घास काढण्याची पकड शिकवली. जाताना हातात केळीचा फणा दिला. दुसऱ्या खेपेला मी पास झाले. एका रविवारी मी विचारलं, समोरचा नाटक करतोय असं वाटलं तर काय करायचं? ताई म्हणाल्या, “शंका कागदावर घ्यायची. माणसाला आधी हात लावायचा.”

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाची बैठक अलीकडेच त्यांच्या ओटीवर भरली. बशीत सुकेळी होती, वाडीतल्याच राजेळीची वाळवलेली केळी. छायाचित्रं कोणती घ्यावीत यावर बोलता बोलता ताई थांबल्या आणि त्यांनी गळा धरला. एक सदस्य हसून म्हणाले, “झाली आपली परीक्षा सुरू.” बाकीचेही हसले. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. ताईंबरोबर गेलेल्या इतक्या वर्गांत त्यांचा चेहरा मी असाच पाहिला होता. पण चार रविवार आठवले आणि मी उठले.

“ताई, खोकता येतंय?” त्यांनी नकारार्थी मान हलवली, आवाज फुटला नाही. आमच्या बसमधल्या सुमनमावशी घाबरून म्हणाल्या, “पानी आनू का?” मी नको म्हटलं. ताईंना पुढे वाकवून खांद्यांच्या मधोमध पाच तडाखे दिले. काही झालं नाही. मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवली आणि आत-वर ओढली. दुसऱ्या झटक्याला सुकेळीचा तुकडा छायाचित्रांच्या यादीवर पडला. मी ओटीवर बसले आणि सगळ्यांसमोर रडले.

ताईंनी दम घेतला. “आता मला डॉक्टरकडे न्या,” त्या म्हणाल्या, “पोट दाबलंय, तपासायला हवं.” रिक्षात बसल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. वाटलं, आशीर्वाद देताहेत.

“तुझं प्रमाणपत्र बघू,” त्या म्हणाल्या.

मी पर्समधून काढून दिलं. त्याची मुदत गेल्याच महिन्यात संपली होती. ताईंनी तारीख वाचली, माझ्याकडे पाहिलं, माझा हात मात्र सोडला नाही. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा वर्गात नाव घातलं.

ताई, तुम्ही पंचाहत्तरीच्या झालात. तब्येत सांभाळा, सुकेळी बारीक चावून खा आणि शंभरी गाठा. आमच्या वर्गांत येऊन हवं तितकं पडा, आम्ही दर वेळी धावत येऊ. तेवढं तुमचं प्रत्येक पडणं खोटं निघो.